वाक्य संपेपर्यंत

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या एका नायकाला परत आणत होता. या नायकाला मी चौसष्टाव्या पानावर जहाजात बसवून कायमचं पाठवून दिलं होतं, आणि त्या एका पानावर माझे तीन महिने गेले होते.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. व्यायामाला तिला मामा न्यायचा-आणायचा, पण त्या दिवशी मामाच तापाने पडला म्हणून मी घ्यायला गेले. बाहेर बारीक पाऊस होता. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर व्यायामाच्या हॉलचं दार अर्धं उघडून मी उभी होते आणि माझ्या छत्रीचं पाणी दारातल्या पायपुसण्यावर निथळत होतं. आत मलमाचा वास. भिंतीलगत आठ लांब बाकं, प्रत्येकावर रेक्झीनची गादी, प्रत्येक गादीवर एक म्हातारं माणूस उताणं झोपलेलं, आणि प्रत्येकाचा उजवा पाय हवेत. मधोमध स्टुलावर एक तरुण बसून पुस्तक वाचत होता, अगदी सावकाश.

"...आणि शिडी उचलायच्या आधी तो धावत जहाजातून उतरला, आणि भिजलेल्या धक्क्यावर तिच्यासमोर येऊन उभा राहिला."

आठही पाय एकदम खाली आले. कुणीतरी समाधानाने उसासा टाकला.

"तो उतरत नाही," मी दारातून म्हणाले.

त्याने वर पाहिलं. मग पुस्तक उलटं केलं, मागचा फोटो पाहिला, पुन्हा मला पाहिलं.

"फोटोत तुम्ही रागावलेल्या दिसता."

"फोटोत मी हसतेय. रागावलेय ती आत्ता."

आईने डोळे मिटून घेतले. गाढ झोप लागल्याचं नाटक तिला अजिबात जमत नाही.

तो फिजिओथेरपिस्ट होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो दर वेळी "मी डॉक्टर नाही" म्हणायचा, पण हाकेला ओ द्यायचा. त्याची पद्धत मला पाण्याच्या फिल्टरजवळ समजली. पाय सरळ उचलून दहा सेकंद धरायचा असतो. पूर्वी तो आकडे मोजायचा.

"मोजलं की माणसं फसवतात," तो म्हणाला. "सातनंतर डायरेक्ट दहा. म्हणून मग मी गोष्ट वाचायला लागलो. वाक्य सुरू झालं की पाय वर, संपलं की खाली. उजव्या पायाची तीस वाक्यं, डाव्या पायाची तीस."

"आणि शेवट बदलायचा?"

"तुम्ही त्याला जहाजात बसवलंत तेव्हा आठातले पाच पाय अर्ध्यातच खाली आले. मी गोष्ट सुधारत नव्हतो हो. पाय वर ठेवत होतो." त्याने ग्लास भरून माझ्यापुढे धरला. "शिवाय तुमची वाक्यं फार लांब असतात. एक तर पानभर चाललंय. त्यात इथल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना पेटका आला."

"ते माझं सगळ्यांत आवडतं वाक्य आहे."

"त्यांच्याही चांगलंच लक्षात राहिलंय."

मी पाणी न पिता ग्लास परत दिला. टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेवट मीच बदलायला सांगितला होता."

"आई."

"तू काही माझं ऐकत नाहीस. त्याने ऐकलं."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. पोटासाठी मी मिक्सर, इस्त्री आणि कपडे धुण्याची मशीन यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते. "प्रथम प्लग काढा" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशोब नाही. तिथे मी वाचणाऱ्यासाठीच लिहिते, कारण त्याला शॉक बसू नये. म्हणून गोष्टीत मी कुणासाठीही लिहीत नाही, असा माझा नियम होता. एका मासिकाच्या संपादकांनी एकदा "आमच्या वाचकांना शेवट गोड लागतो" असं कळवलं, तेव्हा मी माझी गोष्ट परत मागवली आणि आठवडाभर स्वतःवर खूश होते. ती गोष्ट अजून कपाटात आहे.

पुढच्या वेळी मामा बरा झाला होता, तरी मीच गेले. भांडण अर्धं राहिलं होतं, असं मी आईला सांगितलं. आईने माझ्या नव्या कुर्त्याकडे एकदा पाहिलं.

तो वाटच बघत होता. "पुस्तक संपलं. आता ही मंडळी नवीन मागतायत. तुमचीच."

"मी कुणासाठी लिहीत नाही."

"बरं. मग कुणासाठीही न लिहिता साठ वाक्यं आणा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यात कुणी जगू दे, मरू दे, मला फक्त दहा सेकंद हवेत."

"एक शब्दही बदलायचा नाही."

"कबूल. पण माझी पण एक अट आहे. एका शब्दाचं वाक्य धरणार नाही. 'हो.' 'नाही.' 'का?' असल्या वाक्यांनी गुडघा तयार होत नाही."

मी का हो म्हटलं, याचं कारण तेव्हा मी स्वतःला असं दिलं की लांबीचं बंधन हा एक चांगला सराव आहे. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

गोष्ट होती नदीवरच्या नावेची तिकिटं विकणाऱ्या एका मुलीची. त्याच नदीवर पूल बांधायला एक इंजिनिअर आलेला असतो. पूल झाला की नाव बंद. तो रोज तिच्याकडूनच तिकीट काढतो आणि रोज पलीकडे जाऊन तिचं काम थोडं थोडं संपवत येतो. शेवटी पूल होणार आणि तो पुढच्या पुलाला निघून जाणार, हे मी पहिल्याच रात्री ठरवून टाकलं होतं.

घरी मी घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचत लिहायचे. दहा सेकंदांत काय काय मावतं याचा मला अंदाजच नव्हता. एक नजर मावते. एक अख्खा नकार मावतो. "तिने सुटे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि हात काढून घ्यायला विसरली" हे तर नऊच सेकंदांत झालं, तेव्हा मी शेवटी "थोडीशी" घातलं.

हॉलमध्ये मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मुख्याध्यापिकाबाई प्रत्येक पाच वाक्यांनंतर मत द्यायच्या. "या मुलीने त्याला नाव विचारायला काय हरकत आहे? मी शाळेत असते तर विचारायला लावलं असतं." त्यांच्या शेजारच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर कधीच काही बोलत नसत. ते छताकडे बघत पाय उचलायचे, छताकडे बघत खाली ठेवायचे. त्यांची बायको गेल्या थंडीत वारली, असं आईने मला सांगितलं होतं.

आणि तो वाचायचा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा, म्हणजे पान धरल्या धरल्या काटा दिसतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाशी आवाज जरा खाली आणायचा, पायांना कळावं म्हणून. मग वर बघायचा — आधी पायांकडे, मग दाराकडे. दाराकडे बघायची कामाच्या दृष्टीने काहीच गरज नव्हती.

"हा इंजिनिअर घड्याळ उलटं बांधतो," एकदा पानं गोळा करताना तो म्हणाला.

"बरेच लोक बांधतात."

"मी तर माझ्याशिवाय कुणी पाहिला नाही."

"तुमचा लोकसंग्रह कमी असेल."

"आठ गुडघे आणि एक लेखिका," तो म्हणाला. "सध्या पुरतोय."

मी छत्री विसरून निघाले. जिन्यात आठवली, पण परत गेले नाही, कारण चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं. मला तो आवडायला लागला होता. हे मी इथे सरळ लिहिते आहे. तेव्हा मात्र मी त्याचा पत्ता माझ्या वहीलाही लागू दिला नव्हता.

सहाव्या आठवड्यात गोष्टीतल्या म्हाताऱ्या नावाड्याची बायको मरण पावली. ते मला लिहायचंच होतं. नावाडी दुसऱ्या दिवशी सकाळी नाव सोडतो, लोक नेहमीसारखे चढतात, आणि पलीकडे पोचेपर्यंत कुणाला काही कळत नाही, अशी ती साठ वाक्यं होती. सोमवारी मी खुर्चीत बसून ऐकत होते. सतराव्या वाक्यापाशी त्याचा आवाज जरासा अडला. मग तो म्हणाला, "पहाटे तिचा ताप उतरला आणि तिने डोळे उघडून पाणी मागितलं."

हे मी लिहिलं नव्हतं. पुढची त्रेचाळीस वाक्यंही मी लिहिली नव्हती. हातात माझी पानं धरून तो कोऱ्या हवेतून वाचत होता, आणि बरं वाचत होता, याचा मला जास्तच राग आला.

"कबूल केलं होतंत," हॉल रिकामा झाल्यावर मी म्हणाले.

"पोस्टमास्तर काकांकडे बघून... मला वाचवेना. ते परत आलेच नसते. अजून साठ अंशांच्या पुढे त्यांचा गुडघा वाकत नाही."

"गोष्ट माझी होती."

"गुडघा त्यांचा होता."

"म्हणजे तुम्हाला गोष्ट नकोच आहे. झोपेची गोळी हवीय, जरा लांबट."

"आणि तुम्हाला माणसं नकोत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "फक्त कान हवेत."

मी पानं उचलून निघून आले. घरी दोन दिवस एका इस्त्रीची माहितीपुस्तिका लिहिली. ती चांगली झाली नाही. बुधवारची पानं मात्र मी पाठवली, आईच्या हाती, आणि त्यात एक शब्द नरमाईचा ठेवला नाही. नावाडी एकटा होता. बायको गेलेली होती. आता करा म्हणावं काय करायचं ते. तरी आईला सोडायला म्हणून मी वर गेले, आणि सोडून झाल्यावर दाराबाहेर उभी राहिले.

त्याने पहिली तीन वाक्यं वाचली. नावाडी घरात एकटाच चहा करतो, दोन कप मांडतो, एक परत ठेवतो. चौथ्या वाक्याआधी तो थांबला.

"डॉक्टर," पोस्टमास्तर म्हणाले. सहा आठवड्यांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ही बाई गेलेली आहे. परवा तुम्ही चुकीचं वाचलंत."

"काका, मला वाटलं की तुम्हाला..."

"तुम्हाला जे वाटलं ते माझ्याबद्दल. लेखिकेने लिहिलंय ते नावाड्याबद्दल. मला नावाड्याचं ऐकायचंय. चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं पोचवली. आत काय वाईट बातमी आहे म्हणून एक पाकीट कधी मागे ठेवलं नाही."

मग मी आत गेले, पिशवीतून सोमवारची पानं काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती पहिल्यापासून वाचली. पोस्टमास्तरांचा पाय एकाही वाक्याला लवकर खाली आला नाही. शेवटी ते उठून बसले, रुमालाने चष्मा पुसला आणि मला जवळ बोलावलं.

"छान लिहिलंय. पण कपाचं चुकलंय, बाळ. दोन कप माणूस आठवडाभर मांडतो. मग एकच मांडतो. पण तो एक कप ओट्याच्या मधोमध ठेवत नाही. कडेलाच ठेवतो."

घरी जाऊन मी ते वाक्य बदललं. कुणाच्या सांगण्यावरून बदललेलं ते माझं पहिलं वाक्य. ते आधीपेक्षा खूपच चांगलं होतं, आणि मला त्याचा त्रास झाला नाही, याचंच नवल वाटत राहिलं.

शुक्रवारी तो छत्री घेऊन जिन्यात उभा होता. माझीच छत्री, नीट वाळवून, बंद करून, दोरी बांधून.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "यापुढे मी आधी वाचणारच नाही. पाकीट चिकटवून द्या. सगळ्यांसमोर उघडीन, येईल ते वाचीन."

"येईल ते?"

"येईल ते."

"माझंही थोडं चुकलं," मी म्हणाले. "नुसते कान नकोत मला."

तो हसला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं, उलट्या मनगटावर, उगाचच.

पुढचे आठवडे भराभर गेले. पूल वाढत होता, गुडघे वाकत होते. पोस्टमास्तर नव्वद अंशांवर पोचले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. आई घरचे दोन जिने कठड्याला न धरता चढायला लागली. सगळं छान चाललं होतं आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. तुकडी बारा आठवड्यांची होती. बाराव्या शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी आणि सोमवारपासून नवे आठ गुडघे. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावर जायला माझ्याकडे एकही कारण उरणार नव्हतं.

"शुक्रवारनंतर..." बुधवारी तो पानं परत देताना म्हणाला.

"काय?"

"काही नाही. म्हणजे... नवीन तुकडीला कुठलं पुस्तक वाचावं, बघायला लागेल."

"बघा ना. पुष्कळ आहेत."

इतकं मूर्खासारखं उत्तर मी माझ्या एकाही नायिकेच्या तोंडी घातलं नसतं.

त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला अडवलं. सगळ्यांच्या वतीने विनंती होती, म्हणजे हुकूमच. इंजिनिअर आणि तिकीटवाली यांचं लग्न व्हावं. नको असेल तर साखरपुड्यावर थांबलं तरी चालेल. आई मागून मान डोलवत होती. फक्त पोस्टमास्तर म्हणाले, "तिला वाटेल ते लिहू द्या."

गुरुवारी सकाळपासून मी टेबलाशी बसले. लग्न लिहून पाहिलं. खोटं वाटलं. त्या इंजिनिअरला मी दहा आठवडे ओळखत होते. तो थांबणारा नव्हता. त्याला थांबवला असता तर तो आठ लोकांचा जावई झाला असता आणि माझा कुणीच उरला नसता. म्हणून मी त्याला जाऊ दिलं, त्याच्याच पुलावरून, आणि मुलीने शेवटचं तिकीट फाडून पाण्यात सोडलं. एकोणसाठ वाक्यं झाली. मी पेन खाली ठेवलं आणि लक्षात आलं की माझ्या गोष्टीचा शेवट मला हवा तसा झालाय, आणि माझा होणार आहे तो मला मुळीच नकोय. मग मी साठावं वाक्य लिहायला घेतलं. त्यासाठी घड्याळ लावलं नाही.

शुक्रवारी त्याने सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. उजव्या पायाची तीस वाक्यं झाली. डाव्या पायाची सुरू झाली. इंजिनिअर पुलावरून निघाला तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी "शी" म्हटलं, पण पाय खाली आणला नाही. तिकीट पाण्यात पडलं. एकोणसाठ.

"शेवटचं," तो म्हणाला. "डावा पाय वर."

आणि वाचायला लागला.

"गोष्ट इथे संपली आहे, पूल उभा आहे आणि इंजिनिअर गेला आहे, तो का गेला हे मला विचारू नका कारण तो तसाच आहे, पण हे लिहिणारी बाई तशी नाही, ती दहा आठवडे समजत होती की आपण नेहमीसारखं कुणासाठीच लिहीत नाही, आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्यातला सगळ्यांत चांगला शब्द ती शेवटी ठेवते आहे, कारण वाचणारा शेवटच्या शब्दाशी आवाज खाली आणतो आणि..."

तो थांबला. कान लाल झाले होते.

"थांबताय काय," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पाय वर आहेत आमचे."

"...आणि तिला तो आवाज ऐकायचा असतो, घरी, इस्त्रीची पुस्तिका लिहितानासुद्धा, आणि सोमवारपासून या हॉलमध्ये यायला तिच्याकडे काही कारण उरणार नाही, ना आई ना गुडघा, म्हणून ती आज दाराजवळच्या खुर्चीत बसून विचारते आहे की कारणाशिवाय आली तर चालेल का, आणि तिने हे वाक्य मुद्दामच पुरं केलेलं नाही, कारण ते पुरं करणं तिच्या हातात नाही, ते..."

त्याने पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. आठ पाय हवेत थरथरत होते. पोस्टमास्तरांचा चेहरा घामाने भिजला होता, पण ते पहिल्यांदाच छताकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मी खुर्चीची कड धरून बसले होते. तो नाही म्हणाला असता तर मला त्या दारातून बाहेर पडून तीन जिने उतरायचे होते, आईला बरोबर घेऊन, आणि आई जिन्यात एक शब्दही बोलली नसती. मला सगळ्यांत जास्त भीती त्या न बोलण्याची वाटत होती.

"हो," तो म्हणाला.

कुणाचाच पाय खाली आला नाही.

"एका शब्दाचं वाक्य धरत नाहीत," पोस्टमास्तर दातओठ खात म्हणाले. "नियम तुमचाच आहे, डॉक्टर. लवकर करा."

तो स्टुलावरून उठला. पानं हातातून खाली पडली, ती त्याने उचलली नाहीत.

"हो, तू सोमवारी ये, पानं आण किंवा आणू नकोस, आणि मी दर वाक्यानंतर दाराकडे बघतो ते तिथे तू असतेस म्हणूनच, हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, पण तू फार रागावलेली होतीस."

मी मोजलं. चौदा सेकंद. शेवटच्या शब्दाशी आवाज खाली आला.

बाकांवर पाय धपाधप पडले. मुख्याध्यापिकाबाई मांडी चोळत म्हणाल्या की असल्या लांब वाक्यांची मुलांना सवय लावू नये. मी उठून त्याच्यापाशी गेले, खाली पडलेली पानं गोळा केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने पानांबरोबर माझा हातही धरला आणि सोडायला विसरला. थोडासा.

आईचा पाय सगळ्यांत शेवटी खाली आला.